साठवणुकीचा करार कोडच्या हाती : 'स्पेस वॉर्प' हॅकेथॉनने काय दाखवले, काय झाकले

हॅकेथॉन हा शब्द आता आपल्या घरांतही नवा राहिलेला नाही. इंजिनिअरिंगला किंवा बीसीएला असलेली मुले-मुली 'दोन दिवस हाक मारू नका, हॅकेथॉन आहे' म्हणून खोलीचे दार लावून घेतात आणि अम्मी-अब्बू एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात. स्पर्धा म्हणावी तर पेपर नाही, नोकरी म्हणावी तर पगार नाही. वर 'ब्लॉकचेन', 'टोकन' असले शब्द कानावर पडले की काळजी वाढते. हा जुगार तर नाही ना? यात पैसे तर बुडणार नाहीत ना?

ही काळजी रास्त आहे, पण तिचे उत्तर 'जाऊ नकोस' एवढेच असेल तर ते अपुरे आहे. म्हणून आम्ही एकच ठोस उदाहरण घेऊन या विषयाची उकल करणार आहोत. २०२३ च्या सुरुवातीला 'ईटीएचग्लोबल' या संस्थेने 'स्पेस वॉर्प' नावाचे ऑनलाइन हॅकेथॉन भरवले होते. 'फाइलकॉइन' नावाच्या विकेंद्रित साठवणुकीच्या जाळ्यावर स्मार्ट कॉन्ट्रॅक्टची अ‍ॅप्स बनवायची, हा त्याचा विषय. स्पर्धा साधारण तीन आठवडे चालली. तेव्हा जे सरावाच्या जाळ्यावर करून पाहिले, ते १४ मार्च २०२३ पासून फाइलकॉइनच्या मुख्य जाळ्यावर सुरू झाले. आता पुरेसा काळ गेला आहे. तेव्हाच्या गाजावाजातले खरे किती आणि फुगवलेले किती, हे शांतपणे पाहता येते.

आपल्या फायली नेमक्या कुठे असतात?

आधी मुळाशी जाऊ. आपण म्हणतो, फोटो 'क्लाउड'वर आहेत. हा क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही. कुठल्या तरी कंपनीच्या इमारतीतला कॉम्प्युटर, बस्स. ती कंपनी चालू आहे, तिचे नियम बदललेले नाहीत, तिथे आग लागलेली नाही, तोवर आपला माल सुरक्षित.

आणि आगी लागतात. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती त्यांच्या वेबसाइटी राखेत गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन शहरात थेट सरकारी डेटा सेंटर पेटले. सरकारी कर्मचारी कामाची कागदपत्रे ज्या व्यवस्थेत ठेवत, ती ८५८ टेराबाइटची साठवण नष्ट झाली आणि तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही गत! त्याआधी २०१९ मध्ये 'मायस्पेस'ने सर्व्हर बदलताना लोकांनी २००३ ते २०१५ या काळात चढवलेली गाणी, फोटो, व्हिडिओ गमावले. तिथे आग नव्हती, पूर नव्हता, नुसता गलथानपणा होता.

म्हणजे प्रश्न खरा आहे. एकाच हातात सगळे सोपवले की तो हात सुटला तर काय? विकेंद्रित साठवणूक या प्रश्नाला दिलेले एक उत्तर आहे.

पत्ता जागेचा नव्हे, मालाचा

हुआन बेनेट यांनी २०१४ मध्ये 'प्रोटोकॉल लॅब्ज' ही कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी 'आयपीएफएस' ही पद्धत लोकांसमोर आणली. कल्पना साधी आहे. आज आपण इंटरनेटवर फाइल शोधतो ती जागेवरून, म्हणजे अमुक कंपनीच्या अमुक सर्व्हरवरचा अमुक कप्पा. आयपीएफएसमध्ये फाइलच्या मजकुरावरून गणिताने एक लांबलचक ओळख-क्रमांक तयार होतो. आधारवरच्या अंगठ्याच्या ठशासारखा समजा. फाइलमधले एक अक्षर जरी बदलले तरी क्रमांक बदलतो. त्यामुळे फाइल कुणाकडूनही मिळो, ती तीच आहे की कुणी हात मारला आहे, हे लगेच कळते.

याचा उपयोग किती गंभीर असू शकतो ते तुर्कस्तानात दिसले. एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या सरकारने विकिपीडिया बंद केला. तेव्हा तुर्की विकिपीडियाची प्रत आयपीएफएसवर ठेवण्यात आली. बंदी पुढे जवळपास तीन वर्षे राहिली, जानेवारी २०२० मध्ये उठली. दारावर कुलूप लावता येते, पण एकच पुस्तक शंभर घरांत असेल तर कुलपे किती लावणार?

पण इथे एक मोठा गैरसमज होतो आणि तो हॅकेथॉनला जाणाऱ्या मुलांचाही होतो. आयपीएफएसवर फाइल टाकली म्हणजे ती कायमची राहिली, असे नाही. कुणी तरी ती आपल्या मशीनवर जपून ठेवली तरच ती राहते. फुकटात दुसऱ्याचा माल कोण सांभाळणार? ही गरज भागवायला फाइलकॉइन आले. त्याचे मुख्य जाळे ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाले. ज्याच्याकडे डिस्कमध्ये मोकळी जागा आहे त्याने ती भाड्याने द्यावी, ज्याला गरज आहे त्याने भाडे भरावे आणि हिशोब ब्लॉकचेनवर राहावा.

भाडेकरार, अनामत आणि रोजची हजेरी

भाड्याने खोली देणाऱ्या-घेणाऱ्यांना ही रचना चटकन समजेल. जागा देणाऱ्याला अनामत ठेवावी लागते, तीही फाइलकॉइनच्याच नाण्यात. माल ठेवला आहे हे त्याला दोन प्रकारे सिद्ध करावे लागते. पहिला पुरावा, त्याने मालाची खरोखर स्वतंत्र प्रत बनवली आहे याचा. एकच प्रत ठेवून 'तीन ठेवल्या' असे सांगून तिप्पट भाडे उकळता येऊ नये म्हणून प्रत्येक प्रत गणिताने वेगळ्या साच्यात बंद केली जाते. दुसरा पुरावा रोजच्या हजेरीचा. दर २४ तासांत जाळे यादृच्छिक तुकड्यांबद्दल विचारते आणि उत्तर देता आले नाही तर दंड बसतो. वारंवार चुकला तर अनामत कापली जाते.

इथे कंपनीच्या शब्दावर नव्हे तर रोज तपासता येणाऱ्या गणितावर भरवसा ठेवायचा असतो. अमानत सांभाळणाऱ्याला रोज हिशोब द्यायला लावणारी ही पद्धत आहे आणि यात खरेच दम आहे, हे मान्य करायला हवे.

मात्र सुरुवातीला हा करार ठरीव छापाचा होता. मुदत कमीत कमी १८० दिवस, जास्तीत जास्त ५४०. मुदत संपली की संपली. नूतनीकरण करायचे, दोन-तीन ठिकाणी प्रती ठेवायच्या, चार जणांनी मिळून भाडे भरायचे, असे काही हवे असेल तर ते सगळे जाळ्याबाहेर, माणसांनी हाताने करायचे. स्टँप पेपरचा छापील नमुना असतो ना, नाव-पत्ता-रक्कम भरा, बाकी एक शब्द बदलू नका, तसे.

मार्च २०२३ मध्ये नेमके हेच बदलले. फाइलकॉइनवर स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट चालवण्याची सोय आली. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे ब्लॉकचेनवर बसवलेला छोटा प्रोग्राम. ठरलेली अट पूर्ण झाली की तो ठरलेली कृती करतो, मधल्या माणसाची सही लागत नाही. वर ही सोय इथेरियमच्या धर्तीवर ठेवली गेली. त्यामुळे 'सॉलिडिटी' ही प्रोग्रामिंगची भाषा येणाऱ्या हजारो मुलांना नवे काही फारसे न शिकता इथे काम करता आले. 'स्पेस वॉर्प' भरवण्यामागचा हेतूही तोच होता. रस्ता बांधून होत आला आहे, आता त्यावर गाड्या आणा.

मुलांनी काय बनवायचे होते?

अशा स्पर्धेत बनणाऱ्या अ‍ॅप्सचे ढोबळ चार प्रकार पडतात. पहिला, करार आपोआप नवा करणारे. दुसरा, एका फाइलच्या अनेक प्रती वेगवेगळ्या देशांत ठेवून त्यांवर नजर ठेवणारे. तिसरा, सामूहिक मालकीचे, म्हणजे संशोधकांनी किंवा एखाद्या गटाने मिळून माहितीचा संग्रह जपायचा, कुणाला पाहू द्यायचा ते मतदानाने ठरवायचे. चौथा, जागा देणाऱ्यांना अनामतीसाठी नाणी उसनी देणारे.

यातून खरा प्रश्न सुटतो का? काही ठिकाणी नक्की. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'एफटीएक्स' हा क्रिप्टोचा बाजार दिवाळखोरीत गेला, तेव्हा तिथून घेतलेल्या अनेक एनएफटींची चित्रेच गायब झाली. ब्लॉकचेनवर फक्त मालकीची नोंद होती आणि चित्राचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटचा होता. वेबसाइट गेली, चित्र गेले, लोकांच्या हातात रिकाम्या चौकटीची पावती उरली. नोंद आणि माल दोन्ही सुरक्षित नसतील तर नोंदीला अर्थ नाही, हा धडा 'स्पेस वॉर्प'च्या जेमतेम दोन महिने आधी मिळाला होता.

दुसरे उदाहरण याहून मोलाचे आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांच्या 'स्टार्लिंग लॅब'ने नरसंहारातून वाचलेल्या माणसांच्या चित्रित साक्षी जपण्यासाठी या जाळ्याचा वापर केला आहे. 'असे घडलेच नाही' म्हणणारे उद्या उभे राहतील तेव्हा मूळ चित्रफितीत फेरफार झालेला नाही हे दाखवता यावे, हा उद्देश. ज्यांच्या दुःखाला पुराव्याची गरज भासते, त्यांच्यासाठी हे तंत्र खेळणे नाही.

कोडला न जमणाऱ्या गोष्टी

आता दुसरी बाजू. हॅकेथॉनच्या तीन मिनिटांच्या सादरीकरणात ती सहसा येत नाही.

पहिली गोष्ट, स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट स्वतःहून जागा होत नाही. 'आपोआप नूतनीकरण' म्हणतात खरे, पण कुणी तरी त्याला बाहेरून चालना द्यावी लागते, प्रत्येक व्यवहाराची फी भरावी लागते, कॉन्ट्रॅक्टमध्ये पैसे शिल्लक असावे लागतात आणि समोर जागा द्यायला कुणी तयार असावा लागतो. यातले एक जरी अडले तरी 'कायमची साठवण' थांबते. पुढे कराराची कमाल मुदत वाढून सुमारे साडेतीन वर्षे झाली, पण साडेतीन वर्षे म्हणजे कायमचे नव्हे.

दुसरी, कॉन्ट्रॅक्टला फाइलच्या आतले काही दिसत नाही. त्याला फक्त ओळख-क्रमांक आणि हजेरी कळते. खोटा दाखला चढवला तर तो खोटा दाखलाही तितक्याच इमानदारीने जपला जाईल. फाइल बदलली नाही, याची हमी मिळते. फाइल खरी होती, याची नाही. 'ब्लॉकचेनवर आहे म्हणजे खरे' असे कुणी सांगू लागला की सावध व्हावे.

तिसरी, सांभाळणे आणि परत देणे यात फरक आहे. रोजच्या हजेरीने माल आहे हे सिद्ध होते, तो मागितल्याबरोबर मिळेल हे नाही. बंद साच्यातली प्रत उघडायला तास लागू शकतात. म्हणून पुरवठादार चटकन देण्यासाठी वेगळी उघडी प्रत ठेवतात, आणि तो खर्च वेगळा.

चौथी, खाजगीपणा. या जाळ्यावर टाकलेली फाइल आधी कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली नसेल तर ती कुणाच्याही हाती पडू शकते. आणि एकदा प्रती पसरल्या की परत बोलावता येत नाहीत. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. 'कधीच पुसले जाणार नाही' आणि 'मागितले की पुसावे लागेल' ही दोन वाक्ये एका खोलीत नांदणे कठीण. दवाखान्याचे रिपोर्ट, शाळेचे दाखले, आधारच्या झेरॉक्स घेऊन कुणी असे अ‍ॅप बनवत असेल तर हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा.

पाचवी, कोडमधली चूक. जून २०१६ मध्ये 'द डाओ' नावाच्या प्रकल्पाच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमधल्या एका फटीतून सुमारे ३६ लाख इथर काढून घेतले गेले. तेव्हाच्या भावाने ती रक्कम पाच कोटी डॉलरच्या वर जात होती. कोडने लिहिल्याप्रमाणेच काम केले, लिहिणाऱ्याच्या मनात मात्र वेगळे होते. तीन आठवड्यांत, रात्री जागून लिहिलेल्या कोडवर कुणाचे खरे पैसे ठेवू नयेत, हे सांगायला यापेक्षा मोठा दाखला नको.

'विकेंद्रित' म्हणजे घरोघरी नव्हे

'आपल्या घरातल्या कॉम्प्युटरमधली रिकामी जागा भाड्याने द्या' अशी आकर्षक भाषा ऐकू येते. प्रत्यक्षात फाइलकॉइनमध्ये माल बंद करायला १२८ जीबी रॅम, ताकदीचे ग्राफिक कार्ड आणि सतत चालू राहणारी वीज-इंटरनेट लागते. आपल्याकडच्या साध्या लॅपटॉपचे हे काम नाही. जागा देणारे बहुतेक व्यावसायिक डेटा सेंटरवालेच आहेत आणि सुरुवातीच्या काळात त्यांतले बरेच मोठे चीनमध्ये होते. एका मालकाऐवजी अनेक मालक झाले, हा फायदा खरा. पण मालकच उरले नाहीत, हे खरे नाही.

नाण्याची गोष्ट तर सर्वांत महत्त्वाची. २०१७ मध्ये नाणी आगाऊ विकून या प्रकल्पाने २५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम उभी केली, जाळे सुरू होण्याच्या तीन वर्षे आधी. एप्रिल २०२१ मध्ये एका नाण्याचा भाव २०० डॉलरच्या वर गेला. २०२२ संपता संपता तो तीन डॉलरच्या आसपास आला. म्हणजे ज्याने शिखरावर एक लाख रुपये घातले त्याच्याकडे दीड हजारही धड उरले नाहीत. जाळे मात्र तेव्हाही चालू होते, फायली जागेवर होत्या, रोजची हजेरी लागत होती. तंत्र चालणे आणि नाणे चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मोहल्ल्यात कुणी 'हे तंत्र चांगले आहे, म्हणून हे कॉइन घ्या' म्हणत आला तर हा आकडा त्याच्यासमोर ठेवावा.

आणखी एक. बराच काळ या जाळ्यात जागा उदंड होती आणि गिऱ्हाइकांचा माल थोडा. कारण नुसती जागा लावून ठेवली तरी नाणी मिळत होती. दुकानाला भाडे मिळण्यापेक्षा दुकान बांधण्यालाच बक्षीस असेल तर रिकामी दुकाने वाढणारच. पुढे खऱ्या मालाला दहापट महत्त्व देण्याची योजना आणली गेली. हॅकेथॉनकडेही याच नजरेने पाहायला हवे. बक्षिसे वाटणाऱ्यांना आपल्या रिकाम्या बाजारपेठेत गिऱ्हाईक आणणारी अ‍ॅप्स हवी होती. यात वाईट काही नाही, पण मुलांना ते ठाऊक असावे. शेकडो कल्पना थोड्या बक्षिसात हाती लागणे, हा भरवणाऱ्यांचा फायदा. शिकणे, ओळखी आणि दाखवायला काम, हा भाग घेणाऱ्यांचा.

मग आपल्या मुलांनी जावे का?

आमचे मत विचाराल तर, जावे. 'हॅकेथॉन' हा शब्द १९९९ चा. कॅनडातल्या कॅलगरी शहरात ओपनबीएसडी या मुक्त प्रणालीचे काही प्रोग्रामर एकत्र बसून काम करायला जमले, तेव्हा तो वापरात आला. मूळ भावना एकत्र बसून बांधण्याची आहे, बक्षिसाची नाही. आपल्याकडे २०१७ पासून सरकारचे स्मार्ट इंडिया हॅकेथॉनही होते. 'स्पेस वॉर्प'सारख्या ऑनलाइन स्पर्धेला तर मालेगावचा, मिरजेचा किंवा भिवंडीचा मुलगा बसल्या जागेवरून भाग घेऊ शकतो. ज्या मुलींना दुसऱ्या शहरात रात्री-बेरात्री थांबायला घरून परवानगी मिळत नाही त्यांनाही. मुलाखतीत आडनाव वाचले जाते, पत्ता वाचला जातो. कोड मात्र चालतो किंवा चालत नाही. ही बाब आपल्या मुलांसाठी छोटी नाही.

पण जाताना काही गोष्टी गाठीला बांधाव्यात.

पैसे भरून सहभाग घेऊ नये. सराव जाळ्यावरची नाणी फुकट मिळतात आणि त्यांना बाजारात कवडीची किंमत नसते. ती कुणी विकत असेल तर तो फसवतो आहे. पाकिटाची गुप्त किल्ली, म्हणजे ते बारा किंवा चोवीस शब्द, टीममधल्या दोस्तालाही देऊ नयेत. सरावाचे पाकीट आणि खरे पाकीट वेगळे ठेवावे. भाग घेण्यापूर्वी नियमांत पाहावे की बनवलेल्या कामाची मालकी कुणाची राहणार.

बक्षीस क्रिप्टोत मिळाले तर कायद्याची बाजू समजून घ्यावी. क्रिप्टो आपल्याकडे कायदेशीर चलन नाही, पण बाळगण्यावर बंदीही नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या विक्रीतल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. 'ऑनलाइन आहे, कुणाला कळतंय' हा विचार अंगाशी येतो. रक्कम लहान असली तरी सीएकडे एक चक्कर मारावी.

आणि घरातल्या मोठ्यांसाठी : 'किती मिळाले?' हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा, 'काय बनवलंस? ते कुणाच्या उपयोगाचं? तुझ्या अ‍ॅपमध्ये ठेवलेली माझी फाइल पाच वर्षांनी मला परत मिळेल का, आणि तेव्हाचं भाडं कोण भरणार?' तीन आठवड्यांच्या स्पर्धेतले बहुतेक प्रकल्प पुढे सोडून दिले जातात, हे जगभरचे चित्र आहे. शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर देणारा मुलगा किंवा मुलगी बक्षीस हरली तरी कामाला लागली, असे समजायला हरकत नाही.

विकेंद्रित साठवणुकीने विश्वासाची गरज संपवलेली नाही. तो विश्वास कंपनीच्या शब्दावरून काढून गणितावर, अनामतीवर आणि कोड लिहिणाऱ्याच्या इमानावर वाटून टाकला आहे. गणित पक्के आहे, अनामत कापता येते. तिसरी गोष्ट मात्र माणसावरच अवलंबून आहे. दुसऱ्याचा माल सांभाळण्याचे कोड आपली मुले लिहिणार असतील, तर सॉलिडिटीच्या आधी ही जबाबदारी त्यांना घरात शिकवावी लागेल. त्याचा कोर्स कुठल्याही पोर्टलवर मिळत नाही.